सध्या काही दिसत नाही

माझ्या दादाने जन्मभर दुसऱ्यांची पोरं पाण्यात ढकलली. नगरपालिकेच्या तरणतलावावर तो पोहण्याचा मास्तर. शहरातल्या निम्म्या लोकांना पोहता येतं ते माझ्यामुळे, आणि उरलेल्यांना येत नाही तेही माझ्यामुळेच, असं तो म्हणायचा. तलाव छताखालचा. काचांना कायम वाफ धरलेली, फरशी निसरडी, आणि क्लोरीनचा वास एवढा की वहिनी त्याचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. गळ्यात शिट्टी, हातात लांब काठी, अंगावर आखूड चड्डी. उन्हाळा असो की हिवाळा, दादा कामावर अर्धा उघडाच.

त्यामुळे त्याला लाज म्हणून कशाची नसेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण शौचातून रक्त पडायला लागलं तेव्हा त्याने ते चकार शब्दाने कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणून कुठलंसं मलम आणून कपाटात लपवलं. वहिनीला ते सापडलं आणि तिने त्याला जवळजवळ दंडाला धरून दवाखान्यात नेलं. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. जिन्यावरून दोघं भांडत उतरली ते मी दारातून ऐकलं.

तिथून तो पोहोचला आतड्यांच्या ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनबाईंकडे. बाई बुटक्या, केस आखूड, आवाज सर्दी झाल्यासारखा बसलेला. पुढे कळलं की तो तसाच आहे, सर्दी नाही. त्यांनी तपासलं, तुकडा काढून पाठवला, आणि पुढच्या वेळी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं.

"कॅन्सर आहे. अगदी खाली, गुदद्वाराला चिकटून. आधी रेडिएशन आणि केमो देऊ, मग ऑपरेशन. गाठ इतकी खाली आहे की तो मार्गच काढून कायमचा शिवून टाकावा लागेल. मग पोटावर वाट करून द्यायची, आणि तिथे पिशवी."

"किती दिवस?" दादाने विचारलं.

"कायमची."

"बाई, मी पोहायला शिकवतो."

"माहीत आहे मला. माझ्या भाच्याला तुम्हीच ढकललं होतंत. अजून तुमचं नाव काढलं की तो टेबलाखाली जातो."

दादा हसला. वहिनी हसली नाही. ती बाईंच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या आतड्याकडे बघत बसली होती. ते उघडता-मिटता येणारं, गुलाबी रंगाचं होतं.

रेडिएशन झालं, केमो झाली. केस थोडे गेले, तळहात सोलवटले, भूक मेली. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सगळं आटोपल्यावर बाईंनी पुन्हा तपासलं. बोटाने, दुर्बिणीने, एमआरआय काढून. आणि गाठ नव्हतीच. तिच्या जागी नुसता एक पांढरा वण.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "काही जणांच्या बाबतीत औषधांनीच गाठ पूर्ण विरघळते. पूर्वी आम्ही तरीही ऑपरेशन करायचो. मग कापून काढलेल्या भागात कितीदा तरी काहीच सापडायचं नाही. म्हणजे पिशवी फुकटच लावली. म्हणून आता बरीच हॉस्पिटलं मिळून एक अभ्यास करतायत. अशा माणसांना कापायचं नाही. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. गाठ परत दिसली तर त्या वेळी ऑपरेशन."

"परत येते?" वहिनीने विचारलं.

"तिघा-चौघांतल्या एखाद्याची येते. बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. म्हणून तर लक्ष ठेवायचं. तुमच्यावर जबरदस्ती नाही. ऑपरेशन हवं असेल तर तेही करू. घरी जाऊन विचार करा."

दादाने घरी जायची वाट पाहिली नाही. बाईंच्याच पेनाने सही केली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "जन्मभर लोकांनी मला पाण्यात पाहिलं, आता ही मंडळी आतून बघणार." त्या दिवशी आम्ही तिघं चालत घरी आलो. दादा वाटेत शिट्टी वाजवत होता, तोंडाने.

सुरुवातीचे महिने चांगले गेले. दादा कामावर परतला, वजन थोडं भरलं. रेडिएशनने एक खोड मागे ठेवली होती: संडासची कळ आली की थांबायला सवड नसायची. त्यामुळे उथळ पाण्याच्या टोकाला, दारापाशी, तो उभा राहायचा. खोल टोकाचे वर्ग त्याने दुसऱ्या मास्तरला देऊन टाकले. मधेच शिट्टी काठीला अडकवून पळायचा. पोरांना वाटायचं, मास्तरांना फोन आला.

आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. आदल्या दिवशीपासून वहिनीचं बोलणं कमी व्हायचं. सकाळी एनिमा, मग हॉस्पिटलची ती लांबलचक मार्गिका, भिंतीला बोल्टने ठोकलेल्या खुर्च्या, मागून उघडा असलेला तो झगा. कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. बाईंचं बोट, मग दुर्बीण. पडद्यावर स्वतःचं आतडं दिसायचं, ओलं, चकचकीत. दादा म्हणायचा, तलावाच्या पाइपात टॉर्च मारल्यासारखं दिसतं. एमआरआय वेगळ्या दिवशी, त्याचा निकाल आणखी वेगळ्या दिवशी. मग बाई म्हणायच्या, "सध्या काही दिसत नाही."

या 'सध्या'ने दादाला पोखरलं. पहिल्यांदा त्याने तो शब्द ऐकलाच नाही. दुसऱ्यांदा ऐकला. तिसऱ्यांदा त्याला तेवढाच ऐकू आला. घरी येताना म्हणाला, "बाईंना एकदा तरी तो शब्द गिळता येत नाही का गं?"

"त्या खोटं बोलणार नाहीत, दादा."

"खोटं कुठे बोला म्हणतोय? नुसतं 'काही नाही' म्हणा ना."

बाहेरून पाहणाऱ्याला सगळं छान होतं. ओळखीचे लोक पाठीवर थाप मारायचे, सुटलास रे, ऑपरेशन टळलं. दादा मान डोलवायचा. पण घरात मी बघत होते ना. तो संडासातून बाहेर आला की वहिनी, हातात काहीही काम असो, मान वर करायची. विचारायची काही नाही. नुसती त्याच्या चेहऱ्यावरून नजर फिरवायची, आणि पुन्हा काम. दिवसातून कितीदा तरी. दादा त्या नजरेला इतका विटला की खाली येऊन माझ्याकडचा संडास वापरायला लागला. मग वहिनी जिन्यात येऊन उभी राहायची.

एका संध्याकाळी वर मोठा आवाज झाला म्हणून मी गेले. काहीतरी फुटलं असेल असं वाटलं होतं. फुटलं काहीच नव्हतं, दोघं ओरडली होती. दादा पलंगाच्या कडेला बसला होता, वहिनी खिडकीपाशी.

"हिला सांग," दादा मला म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस म्हणावं."

"मग कुणाकडे बघू?" वहिनी म्हणाली. "तू सांगतोस का काही? तुझ्या तोंडावरूनच कळून घ्यायचं असतं मला. मागे मलम लपवलं होतंस."

वहिनी औषधांच्या दुकानात कामाला होती; दिवसभर उभी राहून लोकांनी आणलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायची आणि घरी येऊन नवऱ्याचा चेहरा वाचायची. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. दादा आजारी, पण आजारी वहिनी दिसायची.

दीड वर्ष होत आलं असेल. त्या खेपेच्या तपासणीला दादा गेलाच नाही. अभ्यासाचं काम बघणाऱ्या मुलीचा हॉस्पिटलमधून फोन आला, तो दादाने उचलला नाही म्हणून वहिनीकडे, आणि वहिनीने मला सांगितलं. म्हणाली, "तूच जा. माझ्यात आता बोलायचं त्राण नाही."

मी तलावावर गेले. वर्ग संपला होता, पोरं केस पुसत निघाली होती. दादा काठावरच्या बाकावर ओल्या टॉवेलवर बसला होता. मी शेजारी बसले. पाणी अजून हलत होतं.

"आज तारीख होती," मी म्हटलं.

"होती."

"घाबरलास?"

त्याने गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली. मग म्हणाला, "घाबरलो असतो तर बरं झालं असतं. घाबरलेला माणूस पळतो तरी. मी थकलोय गं. नवीन पोर पाण्यात उतरलं की काठ सोडत नाही बघ. आपण सांगतो, सोड, मी आहे. ते बोटं घट्ट रोवून बसतं. ते दमतं पोहून नाही, धरून धरून दमतं. मी दीड वर्ष धरून बसलोय. ना पोहतोय, ना बाहेर येतोय."

"मग ऑपरेशनच करून घ्यायचं होतंस पहिल्यांदा."

"नको होती ना पिशवी! अजून नकोच आहे." तो हसला, पण ते हसणं नुसतं ओठांचं होतं. "दोन्ही नकोत. असं तिसरं काही असतं का विचार तुझ्या बाईंना."

शेवटी तोच उठला, म्हणाला, चल, त्या मुलीला फोन लाव. पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली.

त्या दिवशी मीही गेले होते. वहिनी आणि मी बाहेर खुर्च्यांवर. दार लागलं ते नेहमीपेक्षा उशिरा उघडलं. दादा आपले कपडे घालून बाहेर आला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याच्यामागे बाई. त्यांनी आम्हाला आत बोलावलं.

"वणाच्या कडेला एक कडक जागा लागतेय," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी नव्हती. तुकडा घेतलाय, पण मला वाटतं ते परत आलंय."

"मी आठवडा उशीर केला म्हणून?"

"नाही." बाईंनी थेट त्याच्याकडे बघितलं. "आठवड्याने काही होत नाही. हे घरी नेऊ नका डोक्यात. वेळेवर सापडलंय, पूर्ण काढता येईल. पण आता काढावंच लागेल."

दादाने मान हलवली. खालच्या मजल्यावर एमआरआयची वेळ घ्यायची होती म्हणून तो आणि मी उतरलो. वहिनी म्हणाली, मी इथेच थांबते. आम्ही परत आलो तेव्हा ती त्या बोल्टच्या खुर्चीत, डोकं भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ झोपली होती. माणसं येत होती, चाकांच्या खुर्च्या जात होत्या, कुणाचं तरी नाव पुकारत होते, तिला पत्ता नव्हता. दादा तिच्याकडे बघत उभा राहिला. मी उठवायला पुढे झाले तर त्याने माझा हात धरला. आम्ही शेजारच्या दोन खुर्च्यांवर बसलो आणि ती आपणहून उठेपर्यंत बसून राहिलो.

नंतर कधीतरी वहिनी मला म्हणाली, "मला हायसं वाटलं गं. नवऱ्याचा कॅन्सर परत आला आणि मला हायसं वाटलं. कसली बाई आहे मी?"

"दमलेली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऑपरेशन दिवसभर चाललं. दादा शुद्धीवर आला तो कोरड्या ओठांनी, नाकात नळी, पोटावर डाव्या बाजूला पारदर्शक पिशवी आणि तिच्याआड लालभडक, नाण्याएवढं आतड्याचं तोंड. पहिले काही दिवस त्याने तिकडे बघितलंच नाही. छताकडे बघायचा. मागे शिवलेल्या जखमेमुळे बसता यायचं नाही; एक तर उभा, नाहीतर कुशीवर. पिशवीच्या सिस्टर म्हणून एक उंच बाई होत्या, त्यांचं कामच ते. पिशवी काढायची कशी, कातडी पुसायची कशी, नवी चिकटवायची कशी, हे त्या दादाच्या हातून करून घ्यायच्या. पहिल्यांदा पिशवीत वारा भरला आणि मोठ्याने आवाज झाला तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने वळून बघितलं. दादाचा चेहरा पडला. मग त्याने हळूच म्हटलं, "माफ करा. आता माझ्याकडे पाठीमागे बोलायची सोय नाही, जे काय ते तोंडावर." म्हातारा हसून हसून खोकायला लागला, त्याच्या टाक्यांना त्रास झाला, आणि सिस्टर दोघांवर ओरडल्या.

मला वाटलं, हा आता सावरला. तसं लगेच झालं नाही. घरी आल्यावर तो आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पिशवी बदलताना वहिनीला बाहेर जायला सांगायचा. वहिनी जायचीही, दार ओढून घ्यायची, आणि पूर्वीसारखी जिन्यात उभी न राहता खाली माझ्याकडे येऊन खुर्चीत पेंगायची. दोघंही आधीच्या दीड वर्षाची झोप भरून काढत होती जणू. एकदा मी वर गेले तर भरदुपारी दोघं दोन कुशींवर घोरत होती.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचा रिपोर्ट चांगला आला. कडा स्वच्छ, आसपासच्या ग्रंथीही स्वच्छ. बाईंनी तो वाचून दाखवला तेव्हा दादाने वेगळंच विचारलं.

"तुमच्या अभ्यासात मी आता कुठे? नापासात?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दिवसातलं कितवं ऑपरेशन करून आल्या होत्या कोण जाणे, टोपीचा वळ कपाळावर तसाच होता. "आमच्या कागदात त्याला 'पुन्हा वाढ' म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही 'पुन्हा वाढ, वेळेत ऑपरेशन' मध्ये."

"आणि पहिल्यांदाच कापलं असतंत तर?"

"तर दीड वर्ष आधी पिशवी आली असती. आणि ही वाट बघणं नसतं."

"कुठलं बरं?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी रोज लोकांना दोन्ही समजावून सांगते, आणि संध्याकाळी घरी जाताना मलाच ठरवता येत नाही की मी स्वतः काय केलं असतं. म्हणून तर अभ्यास. आम्ही गाठी मोजतो, वर्षं मोजतो. ही वाट बघण्याची दमणूक कशी मोजायची ते अजून नीट जमलेलं नाही. प्रश्न विचारतो आम्ही, झोप लागते का, चिंता वाटते का."

"विचारलं होतंत. मी लिहिलं होतं, ठीक आहे."

"सगळेच लिहितात," बाई म्हणाल्या.

दादा परत कामावर गेला तेव्हा हिवाळा सरला होता. आता तो अंगात सैल बनियन घालतो आणि काठावरूनच शिकवतो. मास्तर उघडे का नाहीत असं कुणीतरी विचारलं, तेव्हा सर्दी आहे म्हणाला. ती सर्दी अजून चालू आहे. पिशवी लावून पोहता येतं हे सिस्टरने त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पण तो पाण्यात उतरायचा नाही. एका सुट्टीच्या सकाळी तलाव साफ करायला बंद होता, तेव्हा उतरला. एकटाच. वहिनीने विचारलं, केस ओले कसे? म्हणाला, "चिकटून राहिली. पाणी गार होतं." एवढंच. तिनेही पुढे विचारलं नाही.

पुढे बाईंचा निरोप आला. एका चष्म्याच्या दुकानदाराचं दादासारखंच झालं होतं. गाठ विरघळलेली, आता थांबायचं की कापायचं ते ठरवता येत नव्हतं. त्याला दादाशी बोलायचं होतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, सल्ला देऊ नका, फक्त तुमचं सांगा. हॉस्पिटलच्या उपाहारगृहात आम्ही भेटलो. चष्मेवाला नीटनेटका माणूस, सोबत त्याची बायको.

"तुम्हाला पश्चात्ताप होतो का?" त्याने विचारलं.

"कशाचा?" दादा म्हणाला.

"थांबलात त्याचा."

"नाही. आणि कापलं त्याचाही नाही. मला फक्त माहीत नव्हतं की थांबणं हे काम असतं. मला वाटलं, ऑपरेशन टळलं, आता सुटी. पण ते रोजचं काम आहे, आणि घरातल्या सगळ्यांना करावं लागतं." मग तो त्या बायकोकडे वळला. "तुम्ही झोपता का नीट?"

ती बाई एकदम रडायला लागली. चष्मेवाला भांबावून तिच्याकडे बघत राहिला. त्याला हे नवीन होतं, दिसतच होतं.

त्याने थांबायचं ठरवलं. तपासणीला येतो तेव्हा दादाही जातो. बायकोला घरी झोपू दे, असं दादानेच सुचवलं. दोघं त्या खुर्च्यांवर बसतात. काय बोलता तुम्ही, मी एकदा विचारलं.

"काही नाही. तो म्हणतो, उशीर होतोय. मी म्हणतो, होतो."

मागच्या खेपेला बाई चष्मेवाल्यालाही म्हणाल्या, सध्या काही दिसत नाही, आणि दोघं लवकर सुटले. दादा घरी आला, बूट काढायला जिन्याशेजारच्या स्टुलावर बसला, आणि एक बूट काढून झाल्यावर दुसऱ्याची नाडी हातात धरून तसाच बसून राहिला. वहिनीने आतून विचारलं, "चहा टाकू?" उत्तर आलं नाही म्हणून ती बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं, आणि खाली बसून दुसरा बूट स्वतःच सोडवायला लागली.